हिदिर उस्ताचा उलटा ढीग

आमच्या काराचाकिल गावात मी सव्वीस वर्षं मुख्तार, म्हणजे गावचा कारभारी, होतो. सरकारी कागद आधी माझ्या हातात पडायचा आणि गावातला कुठलाही कागद माझा शिक्का बसल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. या सव्वीस वर्षांत मी जन्म नोंदवले, मयती नोंदवल्या, एका गाढवाच्या मालकीवरून झालेली चार भांडणं मिटवली. पण आमच्या गावात माणसाची जात पुढे जायची सोडून मागे गेली, असं लिहिलेल्या कागदावर शिक्का मारायची वेळ एकदाच आली. तो कागद हिदिर उस्ताच्या, म्हणजे कारागीर हिदिरच्या, अंगणाबद्दल होता.

हिदिर दुवेनला दात बसवायचा. दुवेन म्हणजे मळणीची फळी. दोन जाड फळ्या जोडलेल्या, पुढचं टोक वर वळलेलं आणि खालच्या अंगाला चकमकीचे सहाशे-सातशे दात. खळ्यावर गहू पसरायचा, फळीला बैल जुंपायचे, वर कोणीतरी बसायचं आणि दिवसभर गोल गोल फिरायचं. दाणा मोकळा होतो, काडाचा भुसा होतो. हिदिरचा बाप हेच करायचा, आजाही हेच करायचा. वसंत ऋतू आला की हिदिर गाढवावर चकमकीची पोती टाकून निघायचा आणि कापणीच्या तोंडावर परत यायचा. गुडघ्यावर कातड्याचा तुकडा, उजव्या हातात लोखंडी हातोडी. गप्पा मारता मारता तो दगडातून दात पाडायचा, एकसारखे, जणू कणसाचे दाणे सोलतोय. हाताकडे बघायचासुद्धा नाही.

त्याच्या बायकोचं नाव येतेर. म्हणजे ‘पुरे’. ती पाचवी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने वैतागून हे नाव ठेवलं. त्यानंतरही त्याला दोन मुलीच झाल्या. हिदिर फार बोलणारा नव्हता, त्यामुळे त्या घरात बोलायचं काम येतेरकडे होतं आणि ती ते चोख करायची.

मग सपाटीवर तांबडं कापणी यंत्र आलं. पहिल्या वर्षी सगळं गाव ते बघायला गेलं, हिदिरही गेला. यंत्र गव्हात शिरलं आणि मागून पोती भरून बाहेर पडू लागली. हिदिर शेताच्या बांधावर दुपारपर्यंत उभा होता. घरी जाताना मला एवढंच म्हणाला, “मुख्तार, याला दात कुठे आहेत ते काही दिसलं नाही.”

तीन वर्षांत गावातले सगळे दुवेन भिंतीला टेकले. मग शहरातून एक व्यापारी आला आणि ते विकत घेऊन गेला. शहरातले लोक म्हणे त्यावर काच टाकून चहाचं टेबल करतात. हिदिरने त्याला विचारलं, “दात वर की खाली?”

“खालीच. वर केले तर काच कशी बसेल?”

“म्हणजे माझं काम जमिनीकडे तोंड करून.”

“चहा पिताना दात कोण बघतंय, उस्ता?” असं म्हणून व्यापारी गेला.

हिदिर कहवाखान्यात बसू लागला. पण त्याचा उजवा हात रिकामा राहीना. पट खेळताना, चहा पिताना, नुसता बसलेला असतानाही तो हात टेबलावर ठोके द्यायचा. सोंगट्या जागच्या हलायच्या, ग्लास बशीत नाचायचे. शेवटी कहवावाल्याने त्याला कोपऱ्यात वेगळं टेबल दिलं आणि त्यावर जुनी गोधडी घातली.

त्याच कोपऱ्यात नेरमिन होजाला तो सापडला. होजा म्हणजे गुरुजी. ती अंकाराच्या विद्यापीठात शिकवायची आणि आमच्या गावामागच्या टेकाडावरचे जुने दगड बघायला आली होती. उंच, काटकुळी बाई, पायात बाप्यांचे बूट. तिने कहवाखान्याच्या दारातल्या चकमकीच्या कपच्या उचलल्या आणि आत येऊन विचारलं, “हे कोणी पाडलं?”

सगळ्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

“कशाने पाडलंत, उस्ता?”

“हातोडीने. दाताने थोडंच पाडणार.”

होजाने पिशवीतून कापसात गुंडाळलेलं एक काळं पातं काढलं. काळ्या काचेच्या दगडाचं, बोटभर लांब आणि इतकं पातळ की उजेड आरपार दिसत होता. “हे नऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. असं पाडता येईल?”

हिदिरने ते पातं बराच वेळ फिरवून पाहिलं. कडा पाहिल्या, पोट पाहिलं, जिभेला लावून पाहिलं. मग म्हणाला, “हे ठोकलेलं नाही. हे दाबलंय.”

होजा खुर्ची ओढून बसली. “आमच्यात यावर पंधरा वर्षं वाद चालू आहे.”

“घाला वाद. पण हे दाबलंय.”

ते उन्हाळे-हिवाळे मला नीट आठवतात, कारण तेव्हा हिदिरच्या टेबलावरची गोधडी कहवावाल्याने परत घरी नेली. विद्यापीठाने हिदिरला मजूर म्हणून लावून घेतलं. होजाने डोंगरापलीकडून काळ्या दगडाचे गोळे आणून दिले. पहिल्यांदा हिदिरने हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून पाहिलं. छोटे छिलके निघाले. मग त्याने आडवी मूठ असलेली काठी केली, टोकाला शिंग बसवलं, मूठ पोटाला लावली, दगड लाकडाच्या खाचेत घालून दोन्ही पायांनी धरला आणि अंगाचा सगळा भार हळूहळू काठीवर सोडला. ठोका नाही, आवाज नाही. नुसतं ‘टिक’ झालं आणि पातं बाजूला पडलं. पोटावर रुपयाएवढा निळा डाग उठला होता, पण चेहरा असा, जणू घरात बाळ झालंय.

होजा खूश झाली. पुढच्या वर्षी ती त्याहून जुनं काहीतरी घेऊन आली. त्यापुढच्या वर्षी त्याहून जुनं. असा हिदिर मागे मागे जाऊ लागला. गावात कोणीही कोणाला विचारायचं, “हिदिर कुठवर पोचला?” आणि उत्तर यायचं, “तीस हजारावर आहे. दोन महिने झाले, अडकलाय.”

तीस हजारावर त्याने दगडावर शिंगाचा खुंटा ठेवून त्यावर ठोकून लांब पाती काढली. मग त्याहून मागे, दोन लाखांवर, त्याची गाडी एक अख्खा हिवाळा रुतली. तिथली रीत अशी होती की आधी दगड सगळ्या बाजूंनी टवके काढून कासवासारखा घडवायचा आणि मग एकाच फटक्यात कासवाची पाठ उचलून घ्यायची. हवा तो तेवढा एकच टवका, धारदार, हव्या त्या आकाराचा. बाकीचा सगळा कचरा. हिदिरची कितीतरी कासवं मधोमध फुटली. एके दिवशी जमलं, तेव्हा तो टवका घेऊन तो माझ्याकडे आला.

“मुख्तार, हा माणूस सगळ्यात हुशार. पन्नास टवके फेकून याने एक घेतला. म्हणजे पहिला काढतानाच त्याला एकावन्नावा दिसत होता.”

मागोमाग येतेर आली होती. ती म्हणाली, “आणि तुला समोरची बादली दिसत नाही. आज दोनदा लाथ मारलीस.”

त्यामागे हात-कुऱ्हाड. दोन्ही बाजूंनी घडवलेला, बदामाच्या आकाराचा मोठा दगड. पाच लाख वर्षं, होजा म्हणाली. त्यासाठी दगडाची नव्हे, हाडाची हातोडी लागायची. येतेरने सूप करायला आणलेली बैलाची नळी हिदिरने चुलीवरच्या भांड्यातून काढून नेली. तिने त्याला दारात गाठून विचारलं, “माणसा, पाच लाख वर्षांपूर्वीच्या बाईने नवऱ्याला असं हाड नेऊ दिलं असतं का?”

“नेऊ दिलं असणार. कुऱ्हाडी सापडल्यात.”

त्याहून मागची कुऱ्हाड ओबडधोबड, दगडावर दगड आपटून केलेली. आणि सगळ्यात शेवटी होजाने नदीतला एक गोटा आणला, एका बाजूने दोन टवके उडवलेला. बाकी काही नाही. वीस लाख वर्षं, कदाचित जास्तच. हिदिरने ते दोन टवके दोन फटक्यांत उडवले आणि गोटा हातात धरून वाट बघत राहिला.

“एवढंच?”

“एवढंच,” होजा म्हणाली. “याच्या मागे हातात धरावं असं काही माझ्याकडे नाही.”

“मग याला कोणी शिकवलं?”

होजाने चष्मा काढून पुसला. हिदिर संध्याकाळपर्यंत तुतीखाली गोटा घेऊन बसला. येतेरने जेवायला तीनदा हाक मारली. त्याने ‘ओ’ दिली, पण उठला नाही.

आठ वर्षं हे चाललं. चांगले नमुने पेटीत बंद होऊन अंकाराला गेले. फुटलेले, बिघडलेले नमुने आणि टवक्यांचा सगळा कचरा हिदिरने अंगणाच्या कोपऱ्यात तुतीजवळ टाकला. दर वर्षीचा कचरा आदल्या वर्षीच्या कचऱ्यावर. त्याच्या सगळ्यात तळाशी बापाच्या वेळचे दुवेनचे दात होते. वारा धूळ आणायचा, पाऊस ती बसवायचा, कोंबड्या उकरायच्या. वर गवतही उगवलं.

मग होजाला परदेशात तीन वर्षांचं काम मिळालं आणि ती गेली. त्याच हिवाळ्यात हिदिर आणि येतेर धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला अदानाला गेले. आणि ते नसताना रस्ता रुंद करण्याच्या निमित्ताने प्रांताच्या पुराणवस्तू कचेरीचे साहेब गावात आले.

साहेबांचं नाव सेलामी; आम्ही आदराने ‘सेलामी बेय’ म्हणायचो. वरच्या खिशात पेनऐवजी छोटा ब्रश ठेवणारा, अतिशय सज्जन आणि अतिशय व्यवस्थित माणूस. पहिल्या दिवशीच त्याला ढीग दिसला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यात चर खणला. तिसऱ्या दिवशी तो जेवला नाही. मी त्याला सांगितलं, “बेय, हा आमच्या हिदिरचा कचरा आहे.” तो माझ्याकडे अशा दयेने बघायला लागला की मीच माझ्या बोलण्यावर शंका घेऊ लागलो.

हिदिर अदानाहून परतला तेव्हा त्याच्या अंगणात दोऱ्या बांधलेल्या होत्या, झेंडे रोवलेले होते, खुराडं रस्त्यावर आलं होतं आणि स्वतःच्या घरात शिरायला त्याला सही करावी लागली. सही करून तो सेलामी बेयकडे गेला.

“हे मी केलंय.”

“मालकाला तसं वाटतं कधी कधी,” सेलामी बेय समजुतीने म्हणाला. “पण उस्ता, या कुऱ्हाडी बघा. हे आजकालच्या माणसाचं काम नाही. हा हात आता उरलेला नाही.”

हिदिरने आपला हात वर करून बघितला.

“साहेब, तळाशी सोड्याच्या बाटलीचं टोपण निघालंय,” मी म्हणालो. “ते तुम्हीच मला दाखवलंत.”

“उंदीर,” सेलामी बेय म्हणाला. “उंदीर बिळातून वस्तू खाली नेतात. हे सगळीकडे होतं.”

दुसऱ्या दिवशी कासवांच्या थरात हिदिरचा हरवलेला चष्मा निघाला, घरासकट. वहीत त्याच्यापुढेही ‘उंदीर’ असंच लिहिलं गेलं. येतेर म्हणाली, “तरीच. इतकं बारीक काम उंदराला चष्म्याशिवाय दिसलं नसेल.”

पण सेलामी बेयला खरी झोप लागत नव्हती ती थरांच्या क्रमामुळे. जगात सगळीकडे तळाशी जुनं असतं आणि वर नवं. इथे तळाशी मळणीचे दात, त्यावर दाबून काढलेली पाती, त्यावर ठोकलेली पाती, मग कासवं, मग कुऱ्हाडी आणि सगळ्यात वर दोन टवके उडवलेला गोटा. त्याने चर तीन ठिकाणी खणून पाहिला. तिन्हीकडे तेच. शेवटी त्याने प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं आणि कागद माझ्याकडे शिक्क्याला आला: ‘सदर ठिकाणी मानवाने शेतीपासून सुरुवात केली असून तो क्रमाक्रमाने मागे जात शेवटी गोटा फोडण्यापर्यंत पोचल्याचे आढळून येते.’

मी शिक्का मारला. मुख्तारचं काम वाचणं नसतं.

बातमी बाजारात गेली. शेजारच्या गावचे लोक आम्हाला बघून बाजूला सरकू लागले. “या, मागे गेलेले आले. यांना पुढे जागा द्या.” आमच्या एका मुलाची सोयरीक ठरत आली होती. मुलीच्या काकाने शांतपणे विचारलं, “मुलगा चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नातवंडं कुठल्या दिशेने जातील?” मी मुख्तार म्हणून लेखी दिलं की हा प्रकार फक्त हिदिरच्या अंगणापुरता आहे.

अंगण संरक्षित जाहीर झालं. कुंपण आलं, पाटी आली आणि पहारेकऱ्याची एक जागा मंजूर झाली. पहारेकरी स्थानिक हवा, साक्षर हवा आणि त्याला जागेची माहिती हवी. मी हिदिरचं नाव पाठवलं. दुसरं कोणाचं पाठवणार? त्याला टोपी मिळाली, शिट्टी मिळाली आणि नियमांचा तक्ता मिळाला. पहिलाच नियम असा: ‘कुंपणाच्या आत कोणीही दगड फोडू, टवकू वा हलवू नये.’

अडचण अशी की हिदिर कुंपणाच्या आत राहायचा आणि त्याच्या हाताला दगड फोडायची सवय होती. पहिला आठवडा त्याने हात खिशात ठेवून काढला. दुसऱ्या आठवड्यात येतेरने त्याला तुतीखाली बसलेला पाहिला, पुढ्यात ताजे टवके. त्याच दुपारी तो टोपी घालून माझ्याकडे आला आणि कागद पुढे केला.

त्यावर लिहिलं होतं: ‘आज रोजी दुपारी हिदिर नावाच्या इसमास कुंपणाच्या आत दगड फोडताना पकडले. इसमाने पळण्याचा प्रयत्न केला नाही.’

“हिदिर, हे काय?”

“तक्रार आहे. रीतसर.”

“स्वतःविरुद्ध?”

“पगार कशाचा घेतोय मग, मुख्तार? डोळे झाकायचा?”

अशा सात तक्रारी झाल्या. दर वेळी मी शिक्का मारत गेलो आणि दर वेळी वाटलं, वर कोणीतरी वाचेल आणि हसेल. कोणीतरी वाचलं. पण हसलं नाही. तालुक्याच्या कोर्टातून समन्स आलं. आरोपी हिदिर. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार, पहारेकरी हिदिर.

कोर्टाच्या आदल्या आठवड्यात सेलामी बेय स्वतः हिदिरच्या घरी आला. तो खरोखर भल्यासाठी आला होता. म्हणाला, “उस्ता, एवढंच सांगा की दगड जुने होते, नकळत हात लागला. जज्ज ताकीद देतील. नोकरी राहील, पुढे पेन्शन आहे. पण सगळं तुम्ही केलं असं म्हणाल तर जागाच उरणार नाही. जागा नाही तर पहारेकरी कशाचा?”

येतेर चहा ओतत होती. “ऐक त्यांचं. दगडांना काय कळतंय कोणी फोडलं ते.”

“दगडांना नाही कळत,” हिदिर म्हणाला. “मला कळतं.”

“बरं, मग हेही कळू दे की आपल्याला दोन सुना यायच्यात.”

हिदिरचा उजवा हात टेबलावर ठोके देऊ लागला. येतेरने बशी उचलून घेतली. तिला चाळीस वर्षांच्या संसारात त्या ठोक्यांचा अर्थ कळत होता.

कोर्टात जज्जसाहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी कागद वाचले, नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“आरोपी हिदिर?”

“मी.”

“साक्षीदार पहारेकरी हिदिर?”

“तोही मीच.”

“मग एक काम करा. साक्ष देताना टोपी घाला, आरोपी असताना काढा. कारकुनाला लिहायला सोपं जाईल.”

हिदिरने टोपी घातली आणि सात वेळा स्वतःला पकडल्याचं सांगितलं. सरकारी वकिलाने साक्षीदार अत्यंत विश्वासार्ह असल्याचं नमूद केलं. मग त्याने टोपी काढली आणि जज्जसाहेब म्हणाले, “साक्षीदार म्हणतो ते खरं आहे?”

“खरं आहे. तो खोटं बोलत नाही. पण त्याने अर्धंच सांगितलं. ते सातच नाही, ढिगातले सगळे दगड मी फोडलेत.”

“पाच लाख वर्षांपूर्वीचे?”

“सहा वर्षांपूर्वीचे. पाच लाखांचे ते दिसायला.”

“करून दाखवाल?”

हिदिरने झोळीतून चकमकीचा गोळा, एक दगड आणि बैलाची नळी काढली. शिपायाने खाली घोंगडी अंथरली. वीस मिनिटं कोर्टात दुसरा आवाज नव्हता. आधी दगडाचे जड ठोके, मग हाडाचे मऊ. दर टवक्यानंतर हिदिर थांबायचा, कड अंगठ्याने घासायचा आणि दगड जरासा फिरवायचा. हातातला गोळा बारीक होत गेला, बदामासारखा झाला. जज्जसाहेब नाक पुसायचं विसरले. मागच्या बाकावर भाऊबंदकीच्या खटल्यासाठी आलेले दोन भाऊ एकमेकांना खुणेने दाखवत होते.

हिदिरने कुऱ्हाड पुढे केली. जज्जसाहेबांनी ती सेलामी बेयकडे दिली. “तज्ज्ञांनी पाहावं.”

सेलामी बेयने भिंग काढलं. त्याने दोन्ही बाजू पाहिल्या, टोक पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. ज्याचं या दगडांवर मनापासून प्रेम आहे अशा माणसाचा चेहरा होता तो. “अस्सल,” तो म्हणाला. “पाच लाख. कदाचित साडेपाच.”

“आत्ता बनली,” जज्जसाहेब म्हणाले. “दहा वाजून चाळीस मिनिटांनी. माझ्या देखत.”

सेलामी बेयने कुऱ्हाड पुन्हा उलटसुलट करून पाहिली. “तरीसुद्धा, साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला, “काम पाहून मला पाच लाखच म्हणावं लागेल.”

मी हिदिरकडे पाहिलं. आठ वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. कोणीतरी शेवटी त्याच्या तोंडावर, शपथेवर, त्याच्या कामाची किंमत सांगितली होती.

निकाल छोटा होता. माणसाने स्वतःच्या अंगणात स्वतःचा दगड फोडणं हा गुन्हा नाही. दगडाच्या वयाबद्दल कोर्ट मत देत नाही.

होजा परदेशातून आली, तिने सगळी हकीकत ऐकली आणि आधी खुर्चीत बसून पोट धरून हसली, मग रडली, मग कचेरीला बारा पानांचं पत्र लिहिलं. कचेरीने मान्य केलं. पण त्यांच्याकडे जागा नोंदवायचा छापील कागद होता, जागा नष्ट झाल्याचा होता. जागा कधी नव्हतीच असा कागद नव्हता. राजधानीतून तपासणीला लोक येणार होते. सेलामी बेय पुन्हा एकदा हिदिरच्या घरी आला, या वेळी द्राक्षाच्या काकवीचा डबा घेऊन.

“उस्ता, मी तुमचा अपराधी आहे. पण एक विनंती आहे. ढीग सरळ करून मिळेल का?”

“कसा?”

“म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यात नवा. तळाशी गोटा, वर कुऱ्हाडी, वर कासवं, मग ठोकलेली पाती, मग दाबलेली. सरळ क्रमाने. होजांचं म्हणणं, विद्यार्थ्यांना खणणं शिकवायला असा ढीग हवाच. कागदावर जागा राहते, तुमची नोकरी राहते आणि गावावरचा डागही जातो.”

गावावरच्या डागाचं ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. पण हिदिरला त्यातलं दुसरंच काहीतरी पटलं.

“मागे जाताना मला ठाऊक होतं पुढे काय येणार ते,” तो म्हणाला. “त्या जुन्या माणसांना ठाऊक नव्हतं. एकदा त्यांच्यासारखं करून बघायला हवं.”

आणि तो विहिरीजवळच्या कोपऱ्यात गोटे फोडायला बसला. सहा महिने फक्त गोटे. दोन टवके, तीन टवके. सेलामी बेयला घाई होती, पण हिदिर म्हणायचा, “अजून मला सुचलेलं नाही.” एके दिवशी त्याने गोटा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनेही टवके काढायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी कहवाखान्यात त्याने सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते मला आणि येतेरलाच ठाऊक होतं.

कुऱ्हाडी झाल्या, कासवं झाली. पण त्याला खोकला लागला होता. एवढी वर्षं दगडाची धूळ छातीत गेलेली. ठोकून काढायच्या पात्यांपर्यंत तो पोचला, आणि दाबायच्या पात्यांशी आल्यावर डॉक्टरांनी पोटावर भार देऊ नका म्हणून सांगितलं. काठी पोटाला लावली की खोकल्याची उबळ यायची आणि पातं मधूनच तुटायचं.

येतेर दोन आठवडे हे दारातून बघत होती. एके दिवशी पीठ मळायचं सोडून, हात ओढणीला पुसत ती आली. “ऊठ.”

“तुला जमायचं नाही. याला सवय लागते.”

“सात मुलं झालीत मला. दाब काय असतो ते तू मला नको शिकवूस. ऊठ म्हणते ना.”

तिने दगड पायांत धरला, काठी पोटाला लावली. हिदिर म्हणाला, “जरा डावीकडे.” ती म्हणाली, “गप्प बस.” तिने श्वास सोडला आणि भरभक्कम अंगाचा सगळा भार काठीवर जाऊ दिला, घाई न करता, पिठाच्या गोळ्यावर लाटणं सोडावं तसा. ‘टिक’ झालं. पातं पडलं ते वीतभर लांब होतं. हिदिरचं सगळ्यात लांब पातं त्याच्या अर्ध्यावर यायचं.

हिदिरने ते उचलून उन्हात धरलं. पलीकडची तुतीची पानं त्यातून करडी दिसत होती. तो कितीतरी वेळ बघत राहिला आणि मग त्याने ते होजासाठी पेटीत ठेवायला हात पुढे केला. येतेरने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“पेटीत नाही. ते माझं आहे.”

हिदिर पुढच्या फेब्रुवारीत गेला. ढिगाचे उरलेले थर येतेरने पुरे केले, दुवेनच्या दातांपर्यंत. राजधानीचे लोक आले, खणून बघितलं आणि सगळं जगात असायला हवं तसंच असल्याचं लिहून गेले. होजाचे विद्यार्थी अजून दर उन्हाळ्यात येतात. येतेर त्यांना आधी पाय पुसायला लावते, मग काठी कशी धरायची ते दाखवते. निम्म्यांना जमत नाही, त्यांना ती कांदे चिरायला बसवते.

तिचं ते वीतभर पातं स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं. भातभाजी भरून गुंडाळायला द्राक्षाची पानं लागतात, त्यांचे देठ ती त्यानेच कापते. सुरीने कडा चुरगळतात, असं तिचं म्हणणं आहे.